फाइलीतील संहिता आणि समीक्षेचे मौन

संहितेविषयी आस्थेने बोलणाऱ्या अभ्यासकांची मराठीत आता वाण नाही. संहितेची संरचना, तिची अनेकार्थता, तिच्या घडणीतील वाचकाचा सहभाग या विषयांवर गेल्या चार दशकांत पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्या संहितेविषयी हे सारे लिहिले जाते ती आज प्रत्यक्षात कोठे असते, कोणत्या रूपात असते, आणि आणखी वीस वर्षांनी ती वाचता येईल काय, हा प्रश्न मात्र समीक्षेने आपला मानलेला नाही. तो 'डीटीपी'वाल्याचा, फार तर प्रकाशकाच्या कार्यालयाचा प्रश्न समजला जातो. ग्रंथाचे हस्तलिखित संगणकावर कोणत्या स्वरूपात ठेवावे याची चर्चा निघाली की आमचे विद्वान किंचित हसतात आणि विषय बदलतात. हे हसू अज्ञानातून येते, आणि त्याची किंमत मराठी संहितेला मोजावी लागत आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. फाइलीचे स्वरूप निवडणे हा कारागिरीचा तपशील नव्हे. ती संपादकीय, म्हणजेच समीक्षात्मक कृती आहे. ती समीक्षक करीत नसेल तर त्याच्या वतीने दुसरा कोणीतरी करतो, आणि आपण ती करतो आहोत याची त्या दुसऱ्याला कल्पनाही नसते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९०नंतरच्या दोन दशकांत मराठी ग्रंथांची अक्षरजुळणी संगणकावर आली ती श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फाँटांच्या आणि पेजमेकरसारख्या आज्ञावलीच्या आधारे. या फाँटांची युक्ती साधी होती. संगणकाला रोमन अक्षरेच कळत. तेव्हा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवली गेली. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टंकित केला की पडद्यावर मराठी दिसते, पण स्मृतीत साठते ते ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांचे निरर्थक कडबोळे. फाँट काढून घ्या, मराठी नाहीशी होते. प्रत्येक कंपनीची ही योजना निराळी. एकीच्या फाँटात लिहिलेले दुसरीच्या फाँटात उघडले तर तिसरेच काही दिसते.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. याच दोन दशकांत मराठी समीक्षेत देशीवादाचा मोठा उच्चार झाला. परक्या संकल्पनांच्या मुखवट्याखाली आपले साहित्य गुदमरते अशी तक्रार झाली, आणि ती निराधार नव्हती. परंतु ही तक्रार ज्या ग्रंथांतून आणि नियतकालिकांतून छापली गेली, त्यांच्या संगणकीय मुद्रणप्रती अशाच फाँटांत जुळवलेल्या असल्या तर त्यांत मराठीचे एक अक्षरही नव्हते. होते ते देवनागरीचा मुखवटा चढवलेले रोमन. देशीपणाचा उद्घोष परक्या संकेतात साठवला गेला आणि कोणालाही त्याचे वैषम्य वाटले नाही, कारण पान छापून आले की ते ठीक दिसत होते.

उलट ज्या युनिकोडला 'बाहेरून लादलेले' म्हणून नाके मुरडली गेली, त्याचा इतिहास काय सांगतो? भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची संकेतप्रणाली येथेच तयार झाली. तिचे १९८८चे रूप शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे होते, आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ती मानक म्हणून स्वीकारली. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले काम तिच्यामागे होते. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा त्यातील देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतली गेली. या मांडणीचे तत्त्व आपल्या वर्णमालेचे आहे: साठवायचा तो वर्ण, चित्र नव्हे, आणि साठवायचा तो उच्चाराच्या क्रमाने. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण कानाला आधी 'क' ऐकू येतो. म्हणून आधी 'क', मग इकार. जुन्या फाँटांत मात्र वेलांटी आधी, कारण तेथे चित्रे ओळीने मांडायची होती. एक पद्धत व्याकरणाची, दुसरी खिळे जुळवण्याची. यांपैकी देशी कोणती, हे देशीवाद्यांनीच सांगावे.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा युनिकोड फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. हेच र. कृ. जोशी मराठीतील दृश्यकवितेचे आणि लघुअनियतकालिकांच्या काळाचे एक महत्त्वाचे नाव. अक्षराचे रूप म्हणजेच कविता मानणारा कवी अक्षराच्या संकेताचे कामही तितक्याच निष्ठेने करतो. आमची समीक्षा मात्र त्याच्या कवितेची नोंद घेते आणि फाँटाकडे तंत्रज्ञाची कामगिरी म्हणून पाहते. या विभागणीतच आपला सारा घोटाळा आहे.

मराठीला बंदिस्त संहितांचा अनुभव नवा नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले. एका अक्षरासाठी दुसरे अक्षर योजायचे, अशी ती रीत. परिणाम असा की पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हे वाङ्मय शतकानुशतके उपलब्ध नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची उकल झाली तेव्हा मराठी गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. महानुभावांनी किल्ली जाणूनबुजून आपल्याजवळ ठेवली होती, आणि पंथात ती जपलीही गेली. आपण मात्र नकळत कुलूप लावले, आणि किल्ली कोठे आहे हे विचारायचे सुचण्यापूर्वीच ती हरवू लागली आहे.

याच्या उलट उदाहरण माझ्या परिसरातलेच देतो. खंडाळ्याहून खंबाटकीचा घाट ओलांडला की वाई जवळ येते. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तो या वाईस सापडलेल्या कागदपत्रांच्या आधारे. ती पत्रे मोडीत होती, दुर्लक्षित होती. पण ती वाचता आली, कारण मोडी ही कोणा एका कारखानदाराची मालमत्ता नव्हती. तो सार्वजनिक संकेत होता. शिकणाऱ्याला आजही शिकता येतो. त्याच वाईतून १९७६ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड बाहेर पडला. त्या कोशाचा मजकूर आज युनिकोडमध्ये संकेतस्थळावर आहे आणि त्यात शब्द शोधता येतो. म्हणजे दोन वेगवेगळ्या शतकांतील कागदी मजकूर आज वाचनीय आहे, आणि १९९८ साली पेजमेकरमध्ये जुळवलेला एखादा कवितासंग्रह त्याच्या कवीलाही उघडता येत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनने काही वर्षे त्या फाइली उघडू दिल्या, २०१२नंतरच्या आवृत्त्यांनी तेही दार लावून घेतले.

यावर उत्तर दिले जाते की परिवर्तक आहेत. जुना मजकूर त्यांच्या हवाली करावा, युनिकोड हाती येते. येते खरे, पण कसे? परिवर्तक हा नव्या काळातला लेखनिक आहे, आणि कोणत्याही लेखनिकाप्रमाणे तो चुका करतो. फरक इतकाच की हाताने नक्कल करणाऱ्याच्या चुका विखुरलेल्या असतात, परिवर्तकाच्या चुका नियमबद्ध असतात. त्याला वेलांटी उचलून व्यंजनामागे न्यावी लागते, रफार उचलून व्यंजनापुढे आणावा लागतो. जोडाक्षर मोठे असले की तो चुकतो. 'आ'ऐवजी 'अ'पुढे नुसता काना ठेवून देतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोध घेणाऱ्याला शब्द सापडत नाही. 'दुःख' शब्दातील विसर्गाच्या जागी अपूर्णविराम बसतो, आणि एखाद्या कवीच्या शब्दकळेची सूची करणाऱ्या संशोधकाला त्या कवितेत दुःख आढळत नाही! शैलीमीमांसेच्या नावाखाली शब्दांच्या वारंवारितेची कोष्टके मांडणाऱ्या प्रबंधकारांनी आपली मूळ फाइल या दृष्टीने कधी तपासली आहे काय?

सर्वांत बोलके उदाहरण रकाराचे आहे. मराठीचा 'दऱ्या' आणि अरबी समुद्राचा 'दर्या' हे निराळे शब्द. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतील अंतर तर स्वयंपाकघर आणि मठ यांच्यातले. हा अर्धा, आडवा र मराठीची खास गरज. हिंदीला त्याचे फारसे कारण पडत नाही. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले परिवर्तक तो ओळखत नाहीत आणि सरसकट रफार देतात. मग खंबाटकीच्या दऱ्यांचा दर्या होतो, साताऱ्याचे 'सातार्याचे' होते. ही मुद्रणदोषाची बाब नाही. अर्थ बदलतो, पाठ बदलतो. हस्तलिखित पोथीत असा भेद आढळला तर पाठचिकित्सक त्यावर तळटीप लिहितो. फाइलीत आढळला तर तोच पाठचिकित्सक ऑपरेटरला फोन करतो.

परिवर्तनाच्या कामात याहून घातक चूक स्वतः लेखक करतात. जुनी फाइल उघडत नाही असे दिसले की ते मजकूर 'साधा' करून घेतात, म्हणजे सारी सजावट काढून केवळ अक्षरे उरवतात. युनिकोडमधील मजकुराच्या बाबतीत हे चालते. जुन्या फाँटाच्या बाबतीत हा आत्मघात आहे. कारण तेथे फाँट हे संहितेचे वस्त्र नसून तिची किल्ली आहे. समीक्षाग्रंथाच्या तळटिपांत इंग्रजी ग्रंथनामे असतात. मराठी मजकूर कोठे संपतो आणि इंग्रजी कोठे सुरू होते हे त्या फाइलीत फक्त फाँटाच्या नावावरून कळते. ते नाव गेले की इंग्रजी आणि मराठी दोन्ही रोमनच. मग परिवर्तक इंग्रजी ग्रंथनामांचेही देवनागरी भरताड करून टाकतो. रूप आणि आशय वेगळे करता येत नाहीत, हे सौंदर्यशास्त्राच्या वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकांना या सूत्राचा इतका शब्दशः प्रत्यय दुसरीकडे क्वचितच येईल.

आता दुसऱ्या टोकाच्या भाबडेपणाकडे वळू. युनिकोड आले, प्रश्न मिटला, असे मानणारा एक वर्ग तयार झाला आहे. प्रश्न मिटलेला नाही. तो सार्वजनिक झाला आहे, आणि म्हणूनच सोडवण्याजोगा झाला आहे. वर उल्लेखिलेला आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडून, किंवा साधा 'र' हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. दोन्ही पडद्यावर सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन शब्द आहेत. आणि एखाद्या आज्ञावलीने अदृश्य चिन्हे 'कचरा' म्हणून झाडून टाकली की दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्या पुन्हा समुद्राला मिळतात. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८च्या आवृत्तीत. त्यापूर्वीच्या फाइलींत ते 'अ' आणि चंद्र जोडून लिहिलेले आहे. लेखकाने वीस वर्षांत लिहिलेल्या एकाच ग्रंथाच्या दोन प्रकरणांत असे दोन लेखनसंकेत सुखाने नांदत असतात. ग्रंथाची सूची करताना त्यांचे भांडण बाहेर येते. यावर उपाय यंत्राचा नाही, संपादकाचा आहे: कोणता संकेत वापरायचा हे ठरवणे, सर्वत्र तोच लागू करणे आणि तसे केल्याचे नमूद करणे.

तिसरी भ्रांती पी.डी.एफ.ची. 'हस्तलिखित जपून ठेवले आहे' असे सांगून लेखक पी.डी.एफ. पुढे करतात. पी.डी.एफ. हे छापील पान आहे. पान कसे दिसले याची ती उत्तम साक्ष देते, त्यावर काय लिहिले होते याची देईलच असे नाही. जुन्या फाँटातून केलेल्या पी.डी.एफ.मधून उतारा उचलला की हाती पुन्हा तेच रोमन कडबोळे येते. युनिकोडमधून केलेल्या पी.डी.एफ.मधूनही देवनागरीची अक्षरे कित्येकदा विस्कटून बाहेर पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि 'शोधगंगा' उभी राहिली, हे स्वागतार्हच. पण तेथील अनेक मराठी प्रबंध एकतर पानांची छायाचित्रे आहेत, नाहीतर जुन्या फाँटातली पी.डी.एफ. ते पाहता येतात, शोधता येत नाहीत. मराठीतले संशोधन मराठीतल्याच पुढच्या संशोधकाला सापडू नये, अशी ही व्यवस्था आहे.

अक्षरजुळणी करणाऱ्यांची बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. जुन्या फाँटांची अक्षरे सुबक होती, त्यांचा हात बसलेला होता, आणि दीर्घकाळ युनिकोडमध्ये ग्रंथ जुळवणे खरोखरच दुष्कर होते. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी धडपणे होऊ लागली तीच २०१२च्या सुमारास. २००५ साली 'युनिकोड चालत नाही' म्हणणारा मुद्रक खोटे बोलत नव्हता. आज तेच वाक्य उच्चारणारा मुद्रक मात्र आपली गैरसोय लेखकाच्या माथी मारीत असतो. ज्या कंपन्यांचे फाँट तो वापरतो त्यांतील काहींनी स्वतःच युनिकोड केव्हाच स्वीकारले. केंद्र शासनाने २००९ साली ई-प्रशासनासाठी त्याला मानक ठरवले. तरीही लेखकाने युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर जुन्या फाँटात ओतायचा, तेथेच दुरुस्त्या करायच्या, आणि अंतिम दुरुस्त पाठ फक्त मुद्रकाच्या फाइलीत राहू द्यायचा, ही रीत अनेक ठिकाणी चालू आहे. म्हणजे लेखकाजवळ जी फाइल उरते तीत मुद्रितशोधनापूर्वीचा पाठ असतो आणि अंतिम पाठ बंद कपाटात. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी कोणता पाठ ग्राह्य धरायचा? येथे संहितेचे स्वामित्व गुपचूप हस्तांतरित झालेले असते, आणि करारपत्रात त्याचा उल्लेखही नसतो.

शेवटचा आक्षेप सिद्धान्तप्रेमींचा. संहिता ही वस्तू नसून अर्थव्यवहार आहे; फाइल ही केवळ तिची वाहक; वाहकाची चिंता ग्रंथपालांनी करावी, असे ते म्हणतील. हा आक्षेप वरकरणी चतुर आहे. पण मराठी परंपरा याच्या विरोधात उभी आहे. नकला करणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीचा पाठ भ्रष्ट झाला तेव्हा एकनाथांनी ती चिंता कोणा लेखनिकावर सोपवली नाही. शके १५०६मध्ये त्यांनी स्वतः पाठशुद्धी केली. काव्याचा सर्वोत्तम वाचक आणि पाठाचा दक्ष रक्षक ही त्यांच्या लेखी दोन माणसे नव्हती. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९पासून १९६६पर्यंत चालले ते याच निष्ठेने. अर्थव्यवहार चालण्यासाठी अक्षर शिल्लक असावे लागते. जे उघडतच नाही त्याची विरचना कशी करणार?

तेव्हा स्वरूप कोणते निवडावे? मोघम उत्तर देण्यात अर्थ नाही. हस्तलिखित युनिकोडमध्येच लिहावे. ते डॉक्स किंवा ओ.डी.टी. या स्वरूपात ठेवावे. ही दोन्ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत, त्यांची रचना प्रसिद्ध आहे, त्यामुळे उद्या मूळ आज्ञावली नाहीशी झाली तरी आतला मजकूर काढता येईल. जुन्या 'डॉक' स्वरूपात नवे काही ठेवू नये. प्रकरणशीर्षके, अवतरणे, तळटिपा आज्ञावलीच्या ठरीव सोयींनीच कराव्यात. अक्षर मोठे करून शीर्षक आणि आकडा उचलून तळटीप करू नये, कारण असे डोळ्यांपुरते केलेले काम स्वरूप बदलताच विस्कटते. प्रत्येक टप्प्याला एक साधी मजकूरप्रत वेगळी काढावी. पी.डी.एफ. जरूर ठेवावी, पण साक्षीदार म्हणून. जुन्या फाँटातील फाइल हाती असेल तर ती कदापि पुसू नये. फाँट, फाइल आणि छापील प्रत ही तिन्ही एकत्र ठेवून परिवर्तन करावे, आणि परिवर्तित पाठ छापील प्रतीशी अक्षरशः ताडून पाहावा. आडवा र, विसर्ग, ॲ-ऑ, रफार, मोठी जोडाक्षरे आणि इंग्रजी मजकूर ही तपासणीची पहिली स्थळे होत. ग्रंथ छापून झाला की अंतिम दुरुस्त पाठ युनिकोडमध्ये परत मिळेल, अशी अट लेखकाने करारात घालावी. आणि असा पाठ मिळाल्याखेरीज दुसरी आवृत्ती 'सुधारित' म्हणवून घेऊ नये.

यांतले काहीही कठीण नाही, आणि नेमके म्हणूनच त्याची टाळाटाळ अक्षम्य आहे. विद्यापीठांतील मराठी विभाग पदव्युत्तर वर्गांना पाठचिकित्सा शिकवतात ती पोथीपाशी थांबते. ती फाइलीपर्यंत आली पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अभिजाततेचा दावा शिलालेखांच्या आणि पोथ्यांच्या बळावर, म्हणजे जे टिकले आणि वाचता आले त्याच्या बळावर उभा राहतो. याच खंडाळा तालुक्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांचे 'काव्यफुले' १८५४ साली छापले गेले. त्याचा पाठ वाचायला आज कोणाच्या परवान्याची, फाँटाची वा आवृत्तीची गरज पडत नाही. त्यानंतर दीडशे वर्षांनी, सर्व साधने हाताशी असताना, लिहिलेल्या मराठीची तेवढी तरी शाश्वती देता येत नसेल, तर संहितेविषयी आपण जे काही बोलतो त्यावर वाचकाने कशासाठी विश्वास ठेवावा?